आचार्य धर्मानंद कोसंबी : वाटेवरचा आनंद

संस्थेची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात निकालांचे तक्ते असतात, पदव्या मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे असतात, इमारतींच्या कोनशिलांची छायाचित्रे असतात. हे सारे योग्यच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने आपल्या मुलामुलींच्या यशाची मोजदाद अभिमानाने केलीच पाहिजे. मात्र या तक्त्यांत एका गोष्टीची नोंद होत नाही. पहिल्या इयत्तेत वसतिगृहाच्या दारात आईचा पदर सोडलेले मूल आणि पुढे पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण यांच्यामधली जी पंधरा-वीस वर्षे असतात, ती कशी गेली? ती नुसती सोसली, की त्यांत काही जगणेही झाले?

हा प्रश्न आज अधिक टोचतो. आपली अनेक मुले पाच-पाच, सात-सात वर्षे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसतात. यादीत नाव आले तर ती वर्षे सार्थकी लागली, न आले तर सारी वाया गेली, असा हिशेब घरीदारी मांडला जातो. या हिशेबात काहीतरी मुळातच चुकते आहे, असे वाटणाऱ्यांनी आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र पुन्हा एकदा वाचावे. आधुनिक काळात पाली भाषा आणि बुद्धविचार मराठी माणसाच्या दारापर्यंत आणणाऱ्या मोजक्या विद्वानांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. परंतु येथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव एवढाच हेतू नाही. अतिशय दूरचे ध्येय समोर असताना वाटचालीतला दिवस कसा जगावा, याचा तो एक वस्तुपाठ आहे, म्हणून ते चरित्र येथे सांगावयाचे आहे.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. घरी नारळी-बागायतीचा व्यवसाय होता. गावात शिक्षणाची सोय तुटपुंजी, त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण मराठी प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे जाऊ शकले नाही. तेव्हाच्या रूढीप्रमाणे कोवळ्या वयातच बाळाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बागेची देखभाल, कर्जाचे व्यवहार आणि गावकीतली भांडणे यांतच आयुष्य सरावे, अशीच सारी परिस्थिती होती.

१८९७ च्या सुमारास मुलांसाठी निघणाऱ्या ‘बालबोध’ मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. त्यात भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र होते. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी वीस-एकवीस वर्षांच्या या तरुणाचे आयुष्य पालटले. ज्या महामानवाचे चरित्र एवढे मोहविते, त्याचे विचार मुळातून जाणून घ्यावेत, ही इच्छा मनात रुजली आणि मग ती काही केल्या जाईना. परंतु मुळातून म्हणजे कोठून? त्या काळी मराठी माणसाला पाली शिकविणारी शाळा जवळपास कोठेच नव्हती. ज्या देशात बुद्धांनी धम्म सांगितला, त्याच देशात त्यांची भाषा शिकण्यासाठी परदेशी जावे लागावे, अशी आपल्या इतिहासाची शोकांतिका होती. धर्मानंदांना संस्कृत येत नव्हते, इंग्रजी येत नव्हते, हाती पैसा नव्हता. ध्येय आणि साधने यांच्यातील अंतर इतके मोठे होते की शहाण्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

१८९८ मध्ये वडिलांचे निधन झाले. पुढच्या वर्षी, म्हणजे १८९९ च्या अखेरीस, घरात काही महिन्यांची कन्या माणिक आणि पत्नी यांना ठेवून ते बाहेर पडले. पहिला मुक्काम पुण्यात झाला. थोर प्राच्यविद्यापंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि संस्कृतच्या अध्ययनाला आरंभ झाला. पुण्याहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून काशी असा प्रवास पुढे सरकला. काशीत पंडितांकडे संस्कृतचे पाठ घ्यावयाचे, अन्नछत्रात जेवावयाचे आणि मिळेल त्या जागी पथारी पसरावयाची, असा तो विद्यार्थीकाळ होता.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. धर्मानंद दरिद्री होते, पण जन्माने ब्राह्मण होते. काशीची ती अन्नछत्रे आणि ते संस्कृत पाठ आपल्या पूर्वजांसाठी उघडे नव्हते. त्यांच्या जागी आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी तितक्याच तळमळीने काशीला गेला असता, तर उंबऱ्यावरूनच परतला असता. हे सत्य सांगितल्याने धर्मानंदांचे मोठेपण कमी होत नाही. उलट, जे दार आपल्याला जन्मामुळे उघडले, त्या दारातून मिळालेली विद्या त्यांनी पुढे कोणासाठी वापरली, हे पाहताना या सत्याचे भान उपयोगी पडते.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धांच्या जन्मभूमीच्या या देशात धम्म जिवंत असेल, तेथे कोणी गुरू भेटेल, अशी आशा होती. डोंगरवाटा तुडवीत ते पोहोचले आणि निराश झाले. तेथे धम्माच्या नावाने जे चालले होते, त्यात त्यांना बुद्धांची शिकवण दिसेना. एखादा उमेदवार दोन-तीन वर्षांची मेहनत एका परीक्षेत हरतो, तशीच ही वेळ होती. मग ते बुद्धगयेस आले. पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपास जावे, असा सल्ला तेथे मिळाला. हा सल्ला देणारा माणूस भेटण्यासाठी नेपाळची निराशा घडणे आवश्यक होते, असे आपण मागाहून म्हणू शकतो. त्या क्षणी मात्र हाती होता तो फक्त पुढचा रस्ता.

कलकत्त्यामार्गे ते कोलंबोला पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालय हे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेले ख्यातनाम विद्यापीठ. महास्थविरांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि ज्या भाषेसाठी घर सोडले होते, ती पाली शिकावयास प्रारंभ केला. हवापाणी आणि आहार मानवत नव्हता, प्रकृती साथ देत नव्हती. पण अध्ययन चालू राहिले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. तेथे भिक्षूंच्या सहवासात राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला, ब्रह्मी लिपीतील ग्रंथ वाचले. भारतात परतल्यावर भिक्षूच्या वेषात बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर या बुद्धस्थळांची यात्रा केली. घर सोडल्यापासून सुमारे सात वर्षे अशी गेली.

या सात वर्षांचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात केले. १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आलेले हे आत्मचरित्र मराठीतील एक निर्मळ पुस्तक आहे. ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. उपासमार, आजार, अपमान, पायपीट यांची यादी देऊन वाचकाची सहानुभूती मिळवावी, असा लेखकाचा सूर कोठेच नाही. भेटलेली माणसे, त्यांच्या लकबी, त्यांचे औदार्य, त्यांचे हट्ट, ठिकठिकाणचे भोजन, मठ, रस्ते यांकडे तो कुतूहलाने पाहतो. जो माणूस केवळ मुक्काम कधी येतो याचीच वाट पाहत चालतो, त्याला वाटेवरचे एवढे सारे आठवत नाही. ज्याचे डोळे उघडे असतात, त्यालाच ते पुढे कित्येक वर्षांनी लिहिता येते.

हा आनंद म्हणजे ध्येयाविषयीची बेफिकिरी होती काय? मुळीच नाही. येथे धम्मातील एक मूलभूत विचार समजून घ्यावा लागतो. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देह झिजवून तप केले, तरी ज्ञान लाभले नाही. तेव्हा त्यांना बालपणीचा एक प्रसंग आठवला. वडिलांच्या शेतात काम चालू असताना जांभळीच्या थंड सावलीत ते एकटेच बसले होते आणि मन सहज एकाग्र होऊन प्रसन्नतेने भरून गेले होते. कुशल कर्मातून उपजणाऱ्या या सुखाला आपण का भ्यावे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तेथून बोधीची वाट सुरू झाली. पुढे तथागतांनी बोधीची सात अंगे सांगितली : स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा. या क्रमाकडे नीट पाहावे. वीर्य म्हणजे उद्योग, आणि त्याच्या लगेच पुढे प्रीती, म्हणजे आनंद. तो शेवटच्या पायरीवर ठेवलेले बक्षीस नाही. तो बरोबर मध्यभागी आहे. त्याच्यावाचून मन शांत होत नाही आणि शांत झाल्यावाचून एकाग्र होत नाही. प्रयत्नातला आनंद हा बुद्धांच्या दृष्टीने चैनीचा विषय नव्हता, तो मार्गाचाच एक भाग होता.

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्यास आले आणि तेथे त्यांनी पालीच्या अध्यापनास आरंभ केला. ज्याला स्वतःला सात वर्षांपूर्वी पालीचे अक्षर ठाऊक नव्हते, तो आता विश्वविद्यालयात पाली शिकवू लागला. येथवर पोहोचल्यावर दुसरा कोणी स्थिरावला असता. परंतु वाटचालीत त्यांचे ध्येयही वाढले होते. घर सोडताना बुद्ध स्वतःला समजावा एवढीच इच्छा होती. आता तो आपल्या मराठी माणसांना समजावा, असे त्यांना वाटू लागले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून हे काम करण्यासाठी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून त्यांनी ते स्वीकारले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यासक्रम सुरू व्हावा म्हणून त्यांनी भांडारकरांच्या साहाय्याने खटपट केली आणि ती फळास आली. याच सयाजीराव महाराजांनी पुढे १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले, हे आपणांस ठाऊकच आहे. एका राजाच्या दोन निर्णयांचे ऋण आपल्या इतिहासावर किती मोठे आहे!

१९१० मध्ये धर्मानंदांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीचे. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूर येथे हा महान ग्रंथ रचला. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. लहानपणच्या दुखापतीने वॉरन यांचा कणा कायमचा अधू झाला होता. तशा शरीराने ते वर्षानुवर्षे पालीच्या पोथ्यांवर काम करीत राहिले. १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. त्याच वर्षी इकडे गोव्यात, ज्याला वॉरन यांचे नावही ठाऊक नव्हते, असा एक तरुण घर सोडून निघाला होता. तेच अपुरे काम अकरा वर्षांनी त्याच्या हाती आले.

‘विसुद्धिमग्ग’ या नावाचा अर्थच विशुद्धीचा मार्ग असा आहे. या ग्रंथाची मांडणी सात विशुद्धींच्या पायऱ्यांवर उभी आहे आणि त्या पायऱ्यांचे मूळ मज्झिम निकायातील रथविनीत सुत्तात आहे. त्या सुत्तात एक सुंदर दृष्टांत येतो. कोसलचा राजा पसेनदी याला श्रावस्तीहून साकेत नगरीस तातडीने जावयाचे आहे. वाटेत सात ठिकाणी ताज्या घोड्यांचे सात रथ उभे आहेत. पहिल्या रथाने तो दुसऱ्या रथापर्यंत जातो, तेथे पहिला सोडून दुसऱ्यात बसतो आणि असे करीत सातव्या रथाने साकेतच्या राजवाड्याच्या दाराशी उतरतो. राजा कोणत्या रथाने आला, असे विचारले तर एकाच रथाचे नाव सांगता येणार नाही. पहिला रथ साकेतला पोहोचलाच नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरतो काय? आणि पहिल्या रथात बसल्या क्षणापासून केवळ सातव्याचेच चिंतन करणाऱ्याला पहिल्यात नीट बसता तरी येईल काय? धर्मानंदांचे आयुष्य असेच रथ बदलत गेले. पुण्याचा रथ काशीपर्यंत, काशीचा नेपाळपर्यंत, नेपाळची निराशा सिंहलद्वीपापर्यंत. प्रत्येक रथात ते पूर्णपणे बसले.

हार्वर्डचे काम सुरळीत झाले नाही. तेथील ज्येष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी, ग्रंथाचे श्रेय कोणाला द्यावयाचे या प्रश्नावरून त्यांचे मतभेद झाले. स्वाभिमान सोडून काम करण्याची धर्मानंदांची तयारी नव्हती. १९१२ मध्ये काम अपुरेच सोडून ते परतले. आता खरी कसोटी होती. हातचे मोठे काम अडकले की माणूस त्याच्या नावाने कुढत बसतो, इतर कशातही त्याचे मन लागत नाही. धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविण्यास आरंभ केला आणि १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे तेथे पूर्ण मनाने शिकविले. पुढे पालीचे मोठे पंडित म्हणून मान्यता पावलेले पु. वि. बापट हे त्यांच्याच हाताखाली घडले. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली भारत सरकारने काढलेल्या ग्रंथाचे संपादन याच बापटांनी केले. याच काळात १९१४ मध्ये सामान्य वाचकांसाठी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे पुस्तक आले. मुख्य काम थांबले होते, त्या रिकाम्या वर्षांत महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाचा पाया घातला गेला.

१९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या वेळी कन्या माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर सोबत होते. १९२२ मध्ये परतले, तरी ग्रंथ हातावेगळा झालेला नव्हता. मग अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे जैन विद्वानांच्या सहवासात श्रमण परंपरेचा तौलनिक अभ्यास घडला. १९२६ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्ड, १९२९ मध्ये सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड. १९३० मध्ये परतल्यावर या पन्नाशी उलटलेल्या पंडिताने ग्रंथ बाजूला ठेवले आणि कोकणातील शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. पुढे तुरुंगवासही घडला. त्यानंतर १९३१ मध्ये चौथ्यांदा हार्वर्ड.

काशीच्या अन्नछत्रातून मिळालेली विद्या कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर १९३७ च्या सुमारास मिळाले. मुंबईत परळच्या गिरणगावात, कामगार आणि अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या वस्तीत, त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारण्यात पुढाकार घेतला आणि ते स्वतः तेथे जाऊन राहिले. हार्वर्ड आणि लेनिनग्राड येथे ज्यांच्या शब्दाला मान होता, त्या आचार्यांनी चाळींच्या दाटीत, गिरणीच्या भोंग्यांच्या आवाजात बुद्ध सांगितला. पुढे १९४०-४१ मध्ये त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा प्राचीन सुत्तांच्या कसोटीवर टिकत नाही, असे त्यांनी त्यात साधार मांडले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात ही कथा बुद्धीला पटत नसल्याचा प्रश्न उपस्थित केला आहे. दोघांनाही चमत्कारांच्या धुक्यातून बाहेर काढलेला माणूस बुद्ध हवा होता.

आता या चरित्रातील दुखरी बाजूही सांगावयास हवी. धर्मानंद सात वर्षे वाटेवर होते, तेव्हा बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिल्या होत्या. त्यांच्या त्या वर्षांत आनंद किती होता, हे कोणत्या ग्रंथात सापडावे? वाटेचा आनंद घेणाऱ्याने, आपल्या चालण्याची किंमत घरी कोण मोजते आहे, हे विसरू नये. नोकरी लागल्यावर धर्मानंदांनी कुटुंबाला जवळ केले, मुलीलाही मुलाच्या बरोबरीने अमेरिकेत शिकविले. त्या काळाच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. पण गेलेली वर्षे परत येत नसतात. मुलगा दामोदर म्हणजेच पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. त्यांनी इतिहास नुसत्या पोथ्यांत शोधला नाही. पुण्याभोवतीचे डोंगर, लेणी आणि पायवाटा तुडवून दगडी हत्यारे, ग्रामदैवते आणि जुने व्यापारी मार्ग यांतून तो वाचला. चालता चालता शिकण्याचा वारसा वडिलांकडून मुलाकडे असा गेला.

अखेरच्या काळात प्रकृती ढासळली. जैन परंपरेतील स्वेच्छामरणाचा विचार त्यांना पटला होता. त्यानुसार सेवाग्राम येथे अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. मध्यम मार्गाच्या अनुयायांनी त्यांच्या या शेवटच्या निर्णयाशी सहमत असण्याचे कारण नाही. त्यांच्यापासून शिकावयाचे ते त्यांच्या जगण्यातून.

आणि ज्या कामासाठी त्यांनी चार वेळा समुद्र ओलांडला, त्याचे काय झाले? ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती त्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली आणि ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. परंतु हार्वर्डची ती आवृत्ती प्रकाशित झाली १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी आणि काम हाती घेतल्यानंतर चाळीस वर्षांनी. त्या आवृत्तीवर वॉरन आणि कोसंबी अशी दोघांची नावे आहेत. ती पाहावयास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते. सारा आनंद त्या छापील प्रतीसाठी राखून ठेवला असता, तर धर्मानंदांच्या वाट्याला तो कधीच आला नसता.

येथे बाबासाहेबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मासिकातील चार पानांनी जे धर्मानंदांचे झाले, तेच या पुस्तकाने भीमरावांचे झाले. १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली आणि दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत बाबासाहेब नुसते वाट पाहत बसले नव्हते. त्यांनी सर्व धर्मांचा अभ्यास केला, पालीचा कोश आणि व्याकरण यांवर परिश्रम घेतले, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशाला भेटी दिल्या, महाविद्यालये उभारली, देशाची राज्यघटना सिद्ध केली. धर्मानंदांना जी दारे उघडी मिळाली, ती बाबासाहेबांना एकेक करून उघडावी लागली. अशा वाटेवरही राजगृहातील ग्रंथांच्या सहवासात रात्र रात्र जागणाऱ्या या महामानवाला वाचनाने जो आनंद दिला, तो कोणत्याही पदाने दिला नसेल. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथही १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याची छापील प्रत त्यांनीही पाहिली नाही.

या दोन चरित्रांतून आपल्या विद्यालयातील मुलांनी, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? ध्येय लहान करावे, असे मुळीच नाही. ज्या समाजाला फार काळ लहान स्वप्नांवर समाधान मानावयास लावले गेले, त्याने मोठीच ध्येये ठेवावीत. परंतु ध्येय कितीही दूर असो, आजचा पाठ आज पूर्ण मनाने करावा. आजचे गणित सुटल्याचा, नवा शब्द कळल्याचा, मित्राला समजावून सांगता आल्याचा आनंद आजच घ्यावा. संध्याकाळी वसतिगृहातील मुलाला दूरध्वनी केल्यावर पालकांनी गुण किती पडले याच्या आधी, आज नवे काय समजले, हे विचारावे. आणि जे माजी विद्यार्थी एखाद्या परीक्षेत अनेक वर्षे घालवून मागे फिरले असतील, त्यांनी ती वर्षे वाया गेली असे समजू नये. त्यांनी वाचलेला इतिहास, समजलेली राज्यघटना, जमविलेली शिस्त हा त्यांचा एक रथ होता. तो साकेतच्या दाराशी पोहोचला नाही एवढेच. पुढच्या रथापर्यंत त्याने आणून सोडले आहे. गावातील मुलांना शिकविण्यासाठी, एखादी अभ्यासिका चालविण्यासाठी, नव्या कामाला भिडण्यासाठी ती शिदोरी पुरेशी आहे.

गोव्याच्या नारळीच्या बागेतून निघालेल्या त्या तरुणाला, आपण कोठे पोहोचणार हे ठाऊक नव्हते. पुढचे गाव कोणते, एवढेच ठाऊक होते. त्या गावी जे शिकण्याजोगे होते ते त्याने शिकून घेतले, जे भेटले त्यांच्याशी मैत्री केली आणि सकाळी पुन्हा चालू लागला. आज आपल्या वर्गांतून पाली गाथांचे जे पठण ऐकू येते, त्यामागे अशा अनेक सकाळी आहेत.